कबुतरी अकोल्याला निघाली

आमच्या घरी रविवार उजाडायचा तो रॉकेलच्या वासानं. अंगावरचं पांघरूण अजून निघालेलं नसायचं, तेवढ्यात मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडचं दार करकरायचं, मग बादलीची कडी वाजायची, मग आबांचं खाकरणं, आणि त्यापाठोपाठ हाक यायची, "बेबी, उठली का वं?" आबा म्हणजे माझे वडील. अमरावतीच्या कोर्टात वकिली करायचे. सोमवार ते शनिवार काळा कोट, पांढरी कॉलर आणि कपाळावर आठी. रविवारी मात्र गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि भोकं पडलेली बनियन घालून ते गाडीखाली आडवे झालेले असत. एखादा पक्षकार चुकून आलाच तर त्याला गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय तेवढे दिसत. "वकीलसाहेब हायेत का?" असं त्यानं विचारलं की "नाहीत," असं ते पायच सांगायचे.

ही गाडी माझ्या आजोबांनी अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याकडून घेतलेली. विलायतेहून आलेली, कापडी टपाची, उघडी मोटार. पुढे दोन मोठे पितळी दिवे, चाकांना तारांच्या आऱ्या, उजव्या हाताला रबरी फुग्याचा भोंगा. रंग पारव्याच्या पाठीसारखा, म्हणून घरात सगळे तिला कबुतरी म्हणायचे. सेल्फ नावाचा प्रकार तिला नव्हता. समोर लोखंडी हँडल घालून फिरवायचं, तेव्हा ती जागी व्हायची. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या, त्यात काकांनी शेत मागितलं आणि आबांनी गाडी. माय म्हणायची, "लोकं जमिनीसाठी भांडतेत, आमच्या घरी यायनं लोखंड मांगून घेतलं." पण म्हणताना ती हसायची.

कबुतरीची निगा म्हणजे एक पूजाच होती, आणि आबांइतकाच माझाही तिच्यावर हक्क होता. धुण्याचं पाणी विहिरीचं चालायचं नाही, त्यातल्या क्षारांनी रंगावर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून हंड्यात साठवलेलं नळाचं पाणी घ्यायचं. कपडा मऊ सुती हवा, आणि तो नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा, गोल गोल घासलं की रंगावर जाळं उमटतं. चाकाच्या आऱ्या एकेक करून पुसायच्या. स्पार्क प्लग काढून रॉकेलमध्ये बुडवायचे, बारीक पॉलिश पेपरनं काजळी काढायची. ग्रीस भरायच्या जागा मला तोंडपाठ होत्या, आणि सांध्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं पिवळं दिसू लागलं की माझ्या पोटात कसलासा आनंद व्हायचा. कापडी टपाला महिन्यातून एकदा ऊन दाखवायचं, नाहीतर घडीत बुरशी धरते. गाडी नुसती उभी ठेवायची नाही, दर आठवड्याला फिरवायचीच. "उभी राह्यली की मानूस बी गंजते," असं आबा म्हणायचे. त्यांचा सगळ्यात मोठा नियम असा, की जे गाडीचं नाही ते गाडीत घालायचं नाही. तार बांधून चालवणं, चिकटपट्टी लावणं, दुसऱ्या गाडीचा नट ठोकून बसवणं त्यांना खपत नसे. एकदा एका बोल्टासाठी त्यांनी कबुतरीला अख्खा पावसाळा शेडमध्ये ठेवलं होतं.

मायची जुनी लुगडी या कामात संपायची. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "झालं का तिचं न्हानं?" आणि मग गोळाभाताचा वास यायचा, वर चुरचुरतं तेल, बाजूला चिंचेचं सार. आबा साबणानं तीनतीनदा हात धुवायचे, तरी पहिल्या घासाला रॉकेलची चव लागायची. मला ती अजून आठवते. हल्ली माझी नात कबुतरीचे फोटो काढते, त्यांना पाचपन्नास अंगठे मिळाले की मला दाखवते. मी तिला म्हणते, फोटो नंतर, आधी कपडा घे. ती घेते, हेही सांगायला हवं.

गाडी चालवायला मला आबांनीच शिकवलं. रविवारी संध्याकाळी आम्ही रिद्धपूरच्या रस्त्याला जायचो. तिथं तेव्हा दोन बैलगाड्या आणि चार शेळ्या यापलीकडे वर्दळ नसायची. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाला किंचित वेग द्यायचा, नाहीतर गाडी दात खाते. महिनाभर मी तिचे दात कराकरा वाजवले. आबा डोळे मिटून घ्यायचे, बोलायचे मात्र नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर मी लायसनही काढलं. परीक्षा घेणारे साहेब गाडीत बसले, चौकाला एक चक्कर मारून उतरले आणि आबांना म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीनं गाडी चालवली त ठीक, पन हे गाडी चालते कशी?"

आणि मग ती बातमी आली. जुन्या मोटारी बाळगणाऱ्या काही शौकीन मंडळींनी अमरावती ते अकोला अशी फेरी काढायची ठरवली होती. सकाळी अमरावतीहून निघायचं, दुपारपर्यंत अकोल्यात एका शाळेच्या मैदानावर पोहोचायचं. गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, धक्का नाही, दोर नाही. तिथं नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर गाड्यांची तपासणी करणार आणि सगळ्यात नीट राखलेल्या गाडीला पहिला नंबर देणार. आबांनी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा ते दारातच चप्पल काढायला विसरले होते. त्या दिवसापासून आमच्या घराला जणू लग्नघराची कळा आली. पितळी दिव्यांना चिंच आणि राख, सीटच्या कातड्याला तेलाचा हात, टपाची शिवण मायनं स्वतः दुहेरी करून दिली. कोर्टातून आले की आबा कोटासकट शेडमध्ये. मी कॉलेजात तासाला बसायचे आणि वहीच्या कोपऱ्यात चाकांच्या आऱ्या काढायचे.

निघायच्या सकाळी थंडी अशी होती, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मायनं पहाटेच रोडगे भाजून कापडात बांधले होते, वांग्याच्या भाजीचा डबा भरला होता. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. एरवी ते हँडल मारायचे तेव्हा मी स्टिअरिंगपाशी बसायचे, पण त्या दिवशी ते म्हणाले, "तू तयार हो, मी इंजिन तापवून ठेवतो." मी आत वेण्या घालत होते. बाहेरून आबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मग एक विचित्र आवाज आला, लोखंडाचा, आणि लगेच आबांचं, "आई गं!"

मी धावत गेले तर ते गाडीपुढे बसले होते. उजवा हात डाव्या हातात धरलेला, आणि मनगट जिथं वळू नये तिथं वळलेलं. स्टिअरिंगखाली टायमिंगची एक दांडी असते. हँडल मारण्याआधी ती खाली ओढायची, नाहीतर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल लाथ मारतं. ही गोष्ट आबांनी मला हजारदा सांगितली असेल. त्या सकाळी आनंदाच्या भरात ते स्वतःच विसरले.

समोरच डॉक्टरांचं घर होतं. त्यांनी लगेच आत घेतलं, हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं. मायनं लेप द्यायला हळदीची पुडी आणली होती, ती त्यांनी हसून परत केली. आबा खुर्चीत बसून होते, चेहरा मातीसारखा. एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा हाताकडे. एव्हाना फेरीतल्या गाड्या सुटल्या असणार.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "बेबी, कबुतरीवर आच्छादन टाकून दे."

माय पुडी पिशवीत टाकत म्हणाली, "काहून? बेबीले चालवता येत नाई का?"

"रिद्धपूरचा रस्ता अन् हायवे एकच हाय का? ट्रका धावून राह्यल्या तिथं."

"मंग लायसन काय चुलीत घालाले काढलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं. कोर्टात ते साक्षीदाराकडे बघत असतील तसं, नीट, वेळ घेऊन. "चालवशीन?" त्यांनी विचारलं.

"चालवतो," मी म्हणाले. घाईत मुलासारखं बोलून गेले. आमच्याकडं पोरी तसंही बोलतात.

डॉक्टरांच्या कंपाउंडरनं आबांच्या हुकमाप्रमाणे हँडल मारलं. कबुतरी धडधडली. मी स्टिअरिंगवर, शेजारी गळ्यात झोळी घातलेले आबा, मागच्या सीटवर डबे आणि माय. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हापासून बडनेरा मागे पडेपर्यंत आबा दर मिनिटाला सूचना देत होते. "डावीकडे. ब्रेक हळू. समोर सायकल. बेबी, सायकल!" दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बोंडांवर दव, आणि जिनिंगला निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांची लांबच लांब ओळ. मी भोंगा दाबला की बैल कान हलवायचे आणि गाडीवान उभे राहून बघायचे. "अबे, पोरगी चालवून राह्यली!" असं एकजण ओरडला. माय मागून ओरडली, "मंग काय झालं?"

लोणीच्या पुढे आम्हाला फेरीतली पहिली गाडी दिसली. बॉनेट उघडून मालक त्यात डोकं घालून उभे. पुढे आणखी एक, झाडाखाली, धूर काढत. मी दोघांनाही मागे टाकलं, तेव्हा वाऱ्यानं माझी एक वेणी सुटली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी मोठ्यानं हसत होते. केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की शेजारून सूचना यायच्या थांबल्या आहेत. आबा नुसते रस्त्याकडे बघत होते आणि इंजिनाच्या तालावर त्यांची टाच हलत होती.

मूर्तिजापूर ओलांडलं आणि समोरून एक ट्रक आला. त्याच्या चाकाखालची गिट्टी उडाली. टण्ण! कुठं लागली ते कळलं नाही. पण थोड्या वेळानं रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ येऊ लागली. काटेपूर्णेच्या पुलाजवळ मी गाडी बाजूला घेतली. आबा उतरून वाकले. रेडिएटरच्या खालच्या अंगाला एका नळीला बारीक चीर पडली होती आणि तिथून पाण्याची धार लागली होती.

"संपलं," आबा म्हणाले. "हे कथलाचा डाग दिल्याबिगर बंद होत नाही. पानी भरलं त जेवढं भरू तेवढं वाहून जाइन."

नदीत एक बाई कपडे धूत होती, तिच्या धोपटण्याचा आवाज तेवढा येत होता. मग माय म्हणाली, "आमच्या बाळापूरले दादा पंपाच्या इंजिनात हळद टाकते. पानी गयत असलं की. भोकात जाऊन बसते म्हने."

"हळद?" आबा ताठ झाले. "रेडिएटर हाय का फोडणीचं वरन?"

"इथं बसून राह्यन्यापेक्षा बरं."

"आजपर्यंत तिच्यात परकी वस्तू गेली नाही. अन् आज, तपासनीच्या दिवशी?"

मायनं पिशवीतून हळदीची पुडी काढली आणि आबांना न देता माझ्या हातात दिली. "गाडी तू चालवून राह्यली," ती म्हणाली. "तू सांग."

आबांचा नियम माझाही नियम होता. मी त्यावरच वाढले होते. पण कबुतरी पुलावरून दोरानं ओढत न्यायची, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि ते मला हळदीपेक्षा जास्त अपमानाचं वाटलं. मी म्हणाले, "आबा, टाकते मी. अकोल्याले गेल्यावर आपन पुरी धुवून काढू."

ते पुलाच्या कठड्यापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "मले दाखवू नोका," म्हणाले.

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही थांबलो. नदीचं पाणी डब्यानं आणलं, कापडातून गाळून भरलं, पुडी रिकामी केली. आता हँडल. आबा वळून म्हणाले, "एखाद्या ट्रकवाल्याले थांबवतो."

मी त्या लोखंडी हँडलकडे पाहिलं. सकाळचं ते मनगट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. रविवारी शेडमध्ये मी हँडल कितीदा तरी मारलेलं, पण आता ते मला साप पडल्यासारखं दिसत होतं. ट्रकवाल्याची वाट पाहिली असती तरी कुणी मला नावं ठेवली नसती. का कोण जाणे, मला ते चालणार नव्हतं.

"मी मारते," मी म्हणाले. गाडीत वाकून टायमिंगची दांडी खाली ओढली. पुन्हा हात लावून पाहिली. पुढे येऊन हँडल धरलं.

"अंगठा," आबा हळूच म्हणाले.

मी अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, मूठ न वळता, म्हणजे हँडल उलटलं तरी हात सुटतो. श्वास घेतला आणि खालून वर एकच झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. कबुतरी खोकली, थरथरली आणि तिचा तो ओळखीचा धडधड आवाज नदीवर पसरला. धुणं धुणाऱ्या बाईनं धोपटणं वर उचलून दाखवलं. मायनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, तिच्या बोटांना लागलेली हळद सगळी माझ्या गालांना लागली. आबा वाकून नळीकडे बघत होते. धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबले. "साली," ते पुटपुटले, "बसली की वं." ही शिवी हळदीला होती, की कबुतरीला, की बाळापूरच्या मामाला, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

अकोल्याच्या मैदानावर आम्ही शिरलो तेव्हा तपासणी अर्ध्यावर आली होती. लोकांनी वाट करून दिली. नागपूरचे इंजिनिअर उंच, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात चष्मा. त्यांनी कबुतरीभोवती चक्कर मारली, खाली वाकले, आऱ्यांवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. बॉनेटखाली बराच वेळ रेंगाळले. मग त्यांचं नाक हललं. "हा वास कशाचा?"

रेडिएटरच्या पारव्या रंगावर एक पिवळा ओघळ वाळला होता. आबांनी घसा साफ केला. वकील माणूस, त्यांच्याकडे युक्तिवाद नक्की तयार असणार. पण ते म्हणाले, "ड्रायव्हरला विचारा." आणि बाजूला सरकले.

"हळद टाकली," मी सांगितलं. "गिट्टी लागून नळी फुटली. डाग द्यायला सोय नव्हती."

मैदानावर हशा पिकला. साहेबांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. माझ्या गालांकडे, मग आबांच्या प्लॅस्टरकडे पाहिलं. "अमरावतीहून इथवर तुम्ही चालवली?"

"हो."

"बाकी गाडीत परकी वस्तू मला एकही सापडली नाही," ते म्हणाले. "पण हळद म्हणजे दुरुस्ती नव्हे. पहिला नंबर देता येणार नाही."

"बराबर हाय!" आबाच मोठ्यानं म्हणाले. "मी बी नसता देला."

पहिला नंबर अकोल्याच्याच एका लाल गाडीला गेला, आम्हाला दुसरा मिळाला. एक पितळी ढाल होती, ती आबांनी डाव्या हातात अशी धरली की जणू सर्वोच्च न्यायालयातून निकाल आणला. मग मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून आम्ही रोडगे खाल्ले, तुपात बुडवून, गार झालेल्या वांग्याच्या भाजीशी. लाल गाडीचे मालकही येऊन बसले आणि दोन रोडगे खाऊन गेले. त्यांनीच आपल्या कारखान्यात कबुतरीचं रेडिएटर उतरवून, सात पाण्यांनी धुऊन डाग मारून द्यायची व्यवस्था केली. रात्री आम्ही अकोल्यातच राहिलो; दुसऱ्या दिवशी सकाळी कबुतरी पुन्हा निष्कलंक झाली आणि आबांचा चेहराही.

निघताना मी गाडीचं तोंड अमरावतीकडे वळवत होते, तेव्हा माय गाडीत बसलीच नाही. फुटपाथवर पिशवी धरून उभी राहिली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"इथवर आलोच हाओत," ती म्हणाली, "त बाळापूर काई दूर नाई."

बाळापूर म्हणजे मायचं माहेर. लग्न झाल्यापासून ती तिथं एसटीनं, बैलांच्या दमणीनं, एकदा तर भावाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेली होती. कबुतरीतून कधीच नाही. गल्लीत फरशा उखडलेल्या आहेत, आऱ्या वाकतील, असं आबा दरवेळी सांगत आणि ती दरवेळी ऐकून घेत असे. आता आबा काही बोलणार होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हळू घेते मी."

"तुमी मांगं बसा," माय त्यांना म्हणाली. "मी समोर बसते."

असं तिनं म्हटलं आणि ते बसले.

बाळापूरचा किल्ला लांबून दिसला तेव्हापासूनच ती सीटच्या टोकावर आली होती. पदर खोचलेला, डोळे भिरभिरणारे. वेस ओलांडून मी तिच्या माहेरच्या गल्लीत शिरले. फरशा खरंच उखडलेल्या होत्या, मी पावलापावलानं गाडी काढत होते. एवढ्यात मायनं माझ्या समोरून हात आडवा घातला आणि भोंग्याचा रबरी फुगा धरला. पाँऽऽप! मी दचकले. पाँऽऽप, पाँऽऽप! तिनं हात काढलाच नाही. ओट्यांवर बायका आल्या, गच्चीतून माणसं वाकली, धान्य निवडणारी एक म्हातारी कपाळावर हात धरून ओरडली, "कोन आलं वं बाप्पा एवढं?"

उघड्या गाडीत माय उभी राहिली. एका हातानं काच धरलेली, दुसरा अजून भोंग्यावर.

"मी आली, काकू!" ती ओरडली. "मी! अन् गाडी माह्या पोरीनं आनली!"

मागून आबा म्हणाले, "अवं, रबर फाटन ते."

मायनं पुन्हा भोंगा दाबला.